पाणी काढलं, असं एस्को म्हणाला

साइमीला आमच्या बेटांवर कुणी घाबरत नसे, पण तिच्यासमोर होडीबद्दल बढाया मारायची हिंमतही कुणी करत नसे. नवरा कालेर्वो गेल्यावर ती लेप्पासारी बेटावर एकटीच राहिली. घर, चार मेंढ्या, बटाट्यांचा तुकडा आणि कालेर्वोनं बांधलेली लाकडी होडी एवढा तिचा संसार. मासे विकायला होडी, पीठ-साखर आणायला होडी, चर्चला होडी, दात दुखला तरी होडी. वल्ह्यांची एक छोटी नावही होती, पण ती जाळी टाकण्यापुरती. वारा सुटला की तिच्यातून किनारा गाठणं सत्तरीच्या बाईचं काम नव्हे. थोडक्यात, इंजिनची होडी आहे तोवर साइमी बेटावर, हे तिला ठाऊक होतं आणि बाकीच्यांनाही.

ते इंजिन जुनं, दोन सिलिंडरचं, आणि समुद्राचंच पाणी पिऊन थंड राहणारं. उन्हाळ्यात त्याची काही कटकट नाही. पण आमचा समुद्र हिवाळ्यात दगडासारखा होतो, आणि इंजिनच्या पोटात पाणी राहिलं तर तेही होतं. गोठलेलं पाणी फुगतं आणि लोखंडाला उभं चिरतं. म्हणून शरद संपत आला की प्रत्येक होडीघरात एकच काम चालतं. इंजिन चांगलं तापवायचं, होडी विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या चाकानं, वर ओढायची, इंजिनच्या लोखंडी धडाच्या, म्हणजे ब्लॉकच्या, बगलेतली पितळी बुचं काढायची. पाणी आलं नाही म्हणजे संपलं असं समजणारा शहाणा प्रत्येक पिढीत एक निघतो. भोकात गंज आणि गाळ बसलेला असतो, तिथं तार घालून ढोसावं लागतं, मग काळं पाणी भसकन पायावर येतं. ते गेलं की न गोठणारं गुलाबी औषध पाजायचं, सिलिंडरमध्ये तेल सोडायचं आणि हातानं दोन वेढे फिरवून इंजिनला झोपवायचं.

काढलेली बुचं पिशवीत घालून सुकाणूच्या चाकाला बांधतात. त्याचा अर्थ, पाणी काढलंय, आणि वसंतात बुचं बसवल्याशिवाय चावी फिरवू नका. कुणाची पिशवी जुन्या मोज्याची, कुणाची तंबाखूची. साइमीची पिशवी म्हणजे तिच्या मुलाचा, हान्नूचा, लहानपणचा लाल लोकरी हातमोजा. दुसऱ्याची पिशवी आमच्याकडे कुणी उघडून बघत नाही. बायकोवर संशय घेणारे दोघे-तिघे आहेत, पण चाकाला बांधलेल्या पिशवीवर संशय घेणारा मी पाहिलेला नाही.

त्या शरदात साइमी धक्क्याच्या ओल्या खडकावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टरमधल्या हातानं पाना कसा धरणार? तिनं शेजारच्या बेटावरच्या एस्कोला फोन केला. एस्को कालेर्वोचा जिवलग. दोघांनी मिळून ते इंजिन होडीत बसवलं होतं. तिच्या घरात तो दार न वाजवता येई आणि कपाटातून कप स्वतः काढून घेई.

"अगं, एवढ्याशा कामाला विनंत्या कसल्या करतेस?" तो फोनवर म्हणाला. "कॉफी टाकून ठेव म्हणजे झालं."

तो आला. साइमीनं खिडकीतून इंजिन तापल्याचा आवाज ऐकला, विंचची करकर ऐकली, मग बराच वेळ होडीघर शांत होतं. ते काम शांतच असतं. एस्को आत आला तेव्हा त्याच्या हाताला तेल होतं, त्यानं साबण मागितला आणि तिनं दिला. त्यानं दोन कप कॉफी घेतली आणि वेलचीच्या पावाचे तीन तुकडे खाल्ले.

"तार घातलीस ना? मागचं भोक बुजतं."

"घातली."

"पाणी किती आलं?"

"यायचं तेवढं आलं. साइमी, पाणी काढलंय. आता खाऊ दे की बाई."

निघताना तिनं त्याला लाल बेरीच्या मुरंब्याची बरणी दिली. त्यानं नको-नको केलं. इतकं नको-नको तो कधी करत नसे. पण तिला वाटलं, म्हातारा होतोय, लाजायला लागलाय.

नाताळात हान्नू तुर्कू शहरातून गोठलेल्या समुद्रावरून आला. चांगला मुलगा, साइमीचा एकुलता एक. शहरात त्याचं तीन खोल्यांचं घर होतं, आणि त्यातली एक खोली आईची, असं तो गेली काही वर्षं म्हणत होता.

"आई, मनगटावर निभावलं. उद्या डोकं आपटलं तर? तुला शोधायला कोण येणार, मेंढ्या?"

"मेंढ्या तुझ्यापेक्षा जास्त वेळा येतात."

तो हसला. लाकडं आणायला होडीघरात गेला आणि चाकाला लटकणारा आपला लाल हातमोजा बघून आला. "अजून वापरतेस तो?" एवढंच म्हणाला. जेवताना मात्र त्यानं मान वर केली नाही. साइमीनं त्याला आणखी मासा वाढला.

बर्फ फुटला, धक्क्यापुढं काळं पाणी दिसायला लागलं, तशी साइमी होडीघरात गेली. मनगट बरं झालं होतं. पाना काढला, हातमोज्याची गाठ सोडली, बुचं तळहातावर घेतली. बुचं स्वच्छ होती, जरा जास्तच स्वच्छ. एस्कोनं घासून ठेवली असतील, असं तिला वाटलं आणि बरंही वाटलं. मग ती बूच बसवायला वाकली आणि तिचा हात तिथंच थांबला. भोकात बूच होतं. मागच्या भोकातही होतं. दोन्हींवर गेल्या वसंतात तिनं लावलेला हिरवा रंग तसाच होता, कुठं पान्याचा ओरखडाही नव्हता. तिच्या हातातली बुचं दुसऱ्याच कुठल्या इंजिनची होती.

तिनं ब्लॉकवरून बोट फिरवलं. खालच्या कडेपासून वरपर्यंत चीर होती, नख आत जाईल एवढी.

साइमी होडीच्या फळीवर बसली. विसरभोळा माणूस बुचं काढायला विसरेल, आळशी तार घालायला विसरेल. पण घरून दुसरी बुचं खिशात घालून आणायची, ती हातमोज्यात भरायची आणि गाठ मारायची, हे विसरून होत नाही. इंजिन गेलं ही गोष्ट तिला त्या क्षणी सुचलीही नव्हती. त्यानं तिच्याच टेबलावर बसून, तिचाच पाव तोंडात असताना पाणी काढलंय असं सांगितलं होतं, एवढंच तिला परत परत दिसत होतं.

दोन दिवसांनी एस्को तिचं पीठ आणि रॉकेल घेऊन आला. साइमी धक्क्यावर उभी होती. तिनं हात पुढं केला आणि मूठ उघडली.

"ही तुझी. घेऊन जा."

एस्कोनं बुचांकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं.

"बोल की. त्या दिवशी तर पाव खाऊ दे म्हणून ओरडत होतास. आता तोंड रिकामं आहे."

"हान्नूनं सांगितलं," एस्को म्हणाला.

"काय सांगितलं?"

"पाणी राहू दे म्हणून. इंजिन गेलं की आई आपणहून शहरात येईल, भांडण होणार नाही. साइमी, तो माझ्यासमोर रडला गं. म्हणाला, एक दिवस आईला पाण्यातून काढायची वेळ माझ्यावर येईल."

"आणि तू हो म्हणालास."

"मला इंजिनवर हातोडा मारता आला नसता. म्हणून मी काहीच केलं नाही."

"काहीच न करायला इतका वेळ आत होतास?"

"बाकड्यावर बसलो होतो."

"तेल कुठून लागलं हाताला?"

एस्कोनं हात खिशात घातले.

"लावून घेतलंस," साइमी म्हणाली. "मला दाखवायला. केसानं गळा कापायचा आणि वर हात धुवायला साबण मागायचा. मी दिला की रे साबण तुला."

पिठाची पोती त्यानं धक्क्यावर ठेवली आणि तो गेला. संध्याकाळी साइमीनं तुर्कूला फोन लावला. हान्नूनं नाकारलं नाही, तेवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता.

"आई, माझी झोप उडाली होती. तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी करायचं होतं तर मला विचारायचं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माझं उत्तर तुला माहीत होतं."

मग हान्नू म्हणाला, "खोली तयार आहे. खिडकीतून नदी दिसते."

"नदी तू बघ," साइमी म्हणाली आणि फोन ठेवला. त्या रात्री तिला त्याच्या रडण्याची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचा राग आला. तो तिच्यासमोर रडला असता तर कदाचित ती गेलीही असती. पण तो गेला एस्कोकडे, आणि दोघांनी मिळून तिचं आयुष्य कुठं संपवायचं ते ठरवलं. तिला तेवढं फक्त कळवायचं राहिलं होतं, आणि ते त्यांनी थंडीवर सोपवलं.

नवं इंजिन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मे महिना तिनं वल्हवत काढला. वारा नसलेली सकाळ बघून निघायची, किनाऱ्याला पोचेपर्यंत मनगट सुजायचं, परतायला वारा पडायची वाट बघायची. दुकानदारीण म्हणाली, "साइमीबाई, किती दिवस असं?" साइमीनं साखर घेतली आणि पैसे मोजले. उत्तर दोघींना माहीत होतं. शरदातल्या लाटा सुरू होईपर्यंत, त्यापुढं नाही.

जूनमध्ये एस्कोचा तराफा लेप्पासारीच्या धक्क्याला लागला. त्यावर ताडपत्रीखाली इंजिन होतं, तसंच दोन सिलिंडरचं, कुठल्याशा मोडीत काढलेल्या होडीतलं. हान्नूला सांगितलंय का, असं तिनं विचारलं. एस्को म्हणाला, "सांगितलं. माझ्याशी बोलणं टाकलंय त्यानं."

साइमीला ते इंजिन समुद्रात ढकलून द्यावंसं वाटलं. पण ते ढकललं असतं तर आपण स्वतःच हान्नूच्या खोलीत जाऊन बसलो असतो, हे तिला कळत होतं. ज्या हातांनी घात केला त्याच हातांकडून दुरुस्ती करून घ्यायची, याहून जिवावर येणारं दुसरं काय असतं?

"उतरवायला तू लाग," ती म्हणाली. "बोल्ट मी आवळणार. तू फक्त धर."

दिवसभर दोघं होडीत वाकून होती. पाना, कंदील, वर, खाली, एवढेच शब्द. एस्कोनं आवळलेली एक नळी तिनं त्याच्यादेखत सोडून पुन्हा आवळली. त्यानं मान खाली घातली. उतरत्या उन्हात इंजिन खोकलं, अडलं आणि मग एका लयीत चालायला लागलं. मागच्या नळीतून पाणी उडायला लागलं.

एस्को हात पुसून धक्क्याच्या कडेला बसला. आमच्याकडे काम केलेल्या माणसाला कॉफीशिवाय कुणी पाठवत नाही. वसुलीला आलेल्या अधिकाऱ्यालाही कप मिळतो. साइमी घरात गेली, किटली ठेवली आणि एक कप घेऊन बाहेर आली. पायरीवर बसून ती पिऊ लागली.

"वास छान येतोय," एस्को म्हणाला.

"हो. ताजी आहे."

तो थांबला. तिनं कप सावकाश संपवला आणि पायरीवर ठेवला. मग एस्को उठला, तराफ्याचा दोर त्यानं स्वतःच सोडला.

"येतो मी, साइमी."

तराफा बेटाच्या टोकामागं जाईपर्यंत ती ताठ बसून राहिली. मग ती रडली. कालेर्वोला पुरलं त्या दिवशीही ती अशीच रडली होती, पण तेव्हा डोकं टेकायला एस्कोचा खांदा होता.