तुडुमाचं बूच आणि अकरा गोळ्या

करडीकडच्या एका लहान गावात तलावाचं पाणी सोडायचं काम चाळीस वर्षं तेजरामजींकडे होतं. तलावाच्या पाळीला आतल्या अंगानं दगडी तुडूम आहे. पायऱ्यांसारखी उतरती बांधणी, दर पायरीला एक भोक आणि त्यात ठोकलेलं लाकडी बूच. सर्वांत वरचं बूच आधी काढायचं, पाटात पाणी कसं चालतं ते चार दिवस पाहायचं, मगच खालच्याला हात लावायचा. कोणी घाई केली की तेजरामजी म्हणत, "पाण्याले इचारून काढा लागते." त्यांच्या हातून पाट कधी फुटला नव्हता.

मागच्या आश्विनात, धान निसवत असताना, ते तुडुमाच्या दुसऱ्या पायरीवर टेकले आणि तिथंच झोपी गेले. पुतण्या वीरेंद्रनं हलवून उठवलं, तर त्यांनी त्याला त्याच्या वडलांच्या नावानं हाक मारली. बूच मग वीरेंद्रनंच काढलं. संध्याकाळी पाळीवर शेतकरी बसले आणि फारसं न बोलता ठरलं, की पुढच्या वर्षापासून हे काम वीरेंद्रनं पाहावं. तेजरामजींनी मान डोलावली. उजवा हात थरथरत होता, म्हणून तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता.

घरात याला सगळे म्हातारपण म्हणत. पंच्याहत्तरी जवळ आली होती, म्हणायला जागा होती.

गोळ्यांचं खातं त्यांच्या बायकोकडे, बेबीबाईंकडे होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली, तिनं पाय सुजले. सुजेसाठी तुमसरच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, तिनं उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. चक्करेसाठी तिसऱ्यानं दिली, तिनं हात कापू लागला. कापऱ्या हातासाठी चौथ्यानं. शेजारच्या बायजाबाईंना ज्या गोळीनं छान झोप लागे, ती त्यांनी मायेनं देऊ केली होती, तीही रोज चालू होती. असं करत अकरा झाल्या. बेबीबाईंनी एकही चुकवली नाही. त्यांचा भाऊ गोळी मनानं बंद करून बसला होता आणि एका सकाळी अंगणातच गेला. तो धसका त्यांच्या मनातून कधी उतरला नव्हता.

कोणत्याच डॉक्टरांना बाकीच्या गोळ्या ठाऊक नव्हत्या. कारण साधं होतं. एका डॉक्टरांपुढे दुसऱ्याची चिठ्ठी ठेवणं म्हणजे एका व्याह्याच्या पंगतीत बसून दुसऱ्या व्याह्याच्या वरणाची तारीफ करणं. नवीन दवाखान्यात जाताना बेबीबाई जुन्या चिठ्ठ्या मुद्दाम घरी ठेवत.

उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यात डॉ. कामिनी नव्यानं आल्या. तेजरामजी अंगणात पडून कपाळाला खोक पडली, म्हणून टाके घालायला नेलं. टाके झाल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या उद्या आणाल का? बेबीबाईंनी दुसऱ्या दिवशी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि चोरी पकडल्यासारख्या खाली पाहत बसल्या. डॉक्टरबाईंनी एकेक पाकीट उचलून कोणती कशासाठी, कधीपासून, असं विचारत तारखांप्रमाणे ओळ लावली. बेबीबाईंना प्रत्येकीचा महिना तोंडपाठ होता.

"आई, तुम्ही एकही चुकवली नाहीत म्हणूनच मला हे कळतंय," त्या म्हणाल्या. "यातल्या निम्म्या गोळ्या दुसऱ्या गोळ्यांचा त्रास निस्तरायला आल्या आहेत."

तेजरामजींनी सारी ओळ एका हातानं बाजूला सारली. "मंग सगळ्याच फेका."

"नाही बाबा. एकदम नाही. दाबाची आणि हृदयाची तर राहणारच. ही झोपेची अर्धी करत करत सोडायची, नाहीतर उलटेल. एक कमी करायची, थांबायचं, पाहायचं, मग दुसरी."

 तेजरामजी बायकोकडे वळून म्हणाले, "बेबे, बाई तुडूमच खोलून राहिली."

बेबीबाईंना मात्र हसू आलं नाही. पहिली गोळी बंद झाली तेव्हा आठ दिवस त्या रात्री उठून नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून पाहत. डॉक्टरबाईंनी दाबाची गोळी बदलली, दर पंधरवड्याला दाब मोजला. मधे एकदा झोप पार उडाली, तेव्हा अर्धी गोळी पुन्हा सुरू करून अजून हळू जावं लागलं. बायजाबाई रुसल्या. धानाची रोवणी संपेपर्यंत तेजरामजींचा हात चहाच्या कपाला स्थिर झाला. पोळ्याला त्यांनी वीरेंद्रला वीरेंद्र म्हणूनच हाक मारली. भादव्यात पाच गोळ्या उरल्या.

आश्विनात पाण्याची वेळ आली, तेव्हा वीरेंद्र सकाळी दारात येऊन उभा राहिला. "काकाजी, चाला. मले अंदाज नाई लागत."

पाळीवर मंडळी जमली होती. तेजरामजी काठी टेकत पहिल्या पायरीशी आले, बसले, मग सावकाश उठून उभे राहिले, डॉक्टरबाईंनी शिकवल्याप्रमाणे दहा आकडे मोजले. अंधारी आली नाही. वाकून त्यांनी बूच हलवलं आणि काढलं. पाणी गुरगुरत पाटाकडे निघालं.

पाटाच्या शेवटी ज्याच्या धानाच्या बांध्या होत्या, तो नत्थू खालून म्हणाला, दुसरंही आजच काढा. तेजरामजींनी नाही म्हणून मान हलवली आणि ते पाणी पाहत राहिले. गुडघा कुरकुरत होता. त्याला कोणती गोळी नव्हती, आणि त्यांना नकोही होती.

"खालची बुचं तूच काढ," ते वीरेंद्रला म्हणाले. "पण कवा काढाचं, ते मी सांगीन."

वीरेंद्रनं त्यांची काठी पुढे केली.