वाडीची वाट आणि पठारावरची मावशी

लोणावळा दाखवा म्हटलं की मावशी आधी लोणावळ्याकडे पाठ करून उभी राहायची. मळवली स्टेशनावर उतरलेल्या पर्यटकांना ती भाज्याच्या लेण्यांवरून पठारावर न्यायची. वर पोचलं की लांबवर पाणी, रेल्वेचा रूळ, झाडीतले बंगले सगळं एका नजरेत यायचं आणि लोकांचे मोबाइल तिकडे वळायचे. मावशी मात्र उलट्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या आपल्या दहा-बारा घरांच्या वाडीकडे हात करायची. "आदी ज्यांनी ह्ये समदं डोक्यावरनं वाहून आनलं त्येंना बगा. मंग आनलेलं बगा."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी तळेगावहून पत्रकांचा गठ्ठा घेऊन आले होते. आमच्या कष्टकऱ्यांच्या संघटनेत पत्रकं मीच लिहिते. लोणावळ्याचा इतिहास मला पाठ होता: घाटातले तांडे, इंग्रजांची रेल्वे, हवापालटाला आलेल्या मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले, मग धरणं, मग चिक्कीची दुकानं, मग शनिवार-रविवारची कोंडी. मावशीचा इतिहास वेगळ्या टोकाने सुरू व्हायचा. लेण्यांसमोर ती विचारायची, "भिक्षू हितं बसायला आले. बसायची जागा कुनी केली?" मग रेल्वे. तिच्या आज्याचा आजा घाटात दगड फोडायला होता म्हणे. मग बंगले. तिच्या आजीसह तिघीजणींनी एका सायबाचा लोखंडी पलंग डोक्यावरून चढवला होता. "पलंगावर निजायला सायेब दोनच येळा आला. आजीची मान जलमभर वाकडी ऱ्हायली," असं सांगून ती स्वतःच हसायची. मला हसू यायचं नाही. मला राग यायचा.

पॉइंटांच्या नावांवर तिचा विशेष दात होता. "टायगर पॉइंट म्हनं. वाघाला कुनी इचारलं?" तिच्या मते कड्याला नाव असायचं ते तिथे काय उगवतं, पाणी कधी आटतं, कोणाची म्हैस घसरली यावरून. एका मुलीने विचारलं, "मावशी, इथला बेस्ट व्ह्यू कुठून?" मावशी म्हणाली, "आमच्या दारातनं. पर तितनं खाली जायची वाट बंद हाय."

ती वाट म्हणजेच सगळं प्रकरण. वाडीतून मळवलीला उतरणारी पायवाट अर्ध्या तासाची. दूध, बाजार, दवाखाना, शाळा, सगळं त्याच वाटेने. मधली जमीन एका बाहेरच्या माणसाने घेतली, फार्महाउस बांधलं, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि फाटकाला कुलूप लावलं. पठारावरून वाडीत उतरायला कडा आडवा, म्हणून उरला डोंगराला वळसा घालून जाणारा डांबरी रस्ता, ज्याच्यावर एसटी येत नाही. चालत दोन तास. वाडीतल्या तीन मुलींची शाळा त्या पावसाळ्यात सुटली. त्यातली एक मावशीची नात, नववीतली.

मी पेटून पत्रक लिहिलं. 'लोणावळा विकला गेला!' असा मथळा, खाली धनदांडगे, दलाल, झोपलेलं प्रशासन. मावशीला वाचता येत नव्हतं, तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"शिव्या ब्येस हायत," ती म्हणाली.

"मग?"

"वाट कुटनं कुटं जाती त्ये लिवलंच न्हाई की गं बाय."

खरंच नव्हतं लिहिलं. पुन्हा लिहायला बसले तेव्हा तिने वाट पावलापावलाने सांगितली: उंबर, ओढा, सपाट खडक, मग तार. पत्रक आखडून आधीच्या निम्मं झालं, पण त्याला जोडून दिलेला अर्ज तहसील कचेरीत घेतला गेला आणि पाहणीची तारीख पडली.

त्या पाहणीचा विचार आला की अजून माझा संताप होतो. दिवस पावसाचे. वाटेवर गुडघाभर गवत आणि चिखल. वाडीतल्या लोकांनी परस्पर ठरवलं की साहेबांचे बूट खराब होता कामा नयेत. साहेबांना निरोप गेला, डांबरी रस्त्याने जीपनेच या. साहेब आले. त्यांना ओवाळलं, चहा दिला, सतरंजीवर बसवलं आणि वाट वरूनच बोटाने दाखवली. त्यांनी पंचनाम्यात लिहिलं, वाडीस जाण्यायेण्यास डांबरी रस्ता उपलब्ध आहे. अर्ज फेटाळला गेला.

मी धावत वाडीवर गेले. "कोणाची ही अक्कल?"

"माजी," मावशी म्हणाली. "पाव्हन्याला चिखलातनं कसं न्यावं?"

"पाहुणा होता का तो?"

तिने पाखडायचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तितंच चुकलं. सायेब व्हता, आमी पाव्हना समजलो."

पुढाऱ्यांना आपली चूक मान्य करताना मी आजवर पाहिलेलं नाही. आमच्या संघटनेतही नाही. मी स्वतः तर मथळ्याची चूकसुद्धा छापखान्यावर ढकलते. मावशीने ते एका वाक्यात उरकलं आणि विचारलं, "आता परत बोलवायचं कसं?"

वर अपील केलं. दुसरी पाहणी व्हायला पुढचा पावसाळा उजाडला. या खेपेला नवीन मॅडम होत्या. मावशीने त्यांना मळवली स्टेशनावरच गाठलं. "जीप ऱ्हाऊ द्या मॅडम. पोरी चालत्यात, तशा चला." मॅडमनी सँडल हातात घेतल्या. चहा नाही, ओवाळणं नाही. तारेपाशी पोचल्यावर मावशी चिखलात खाली बसली. मी नारा द्यायला तोंड उघडलं, तिने माझा हात दाबला.

"आता कुठून जायचं?" मॅडमनी विचारलं.

"म्या तुमाला त्येच इचारनार व्हते," मावशी म्हणाली.

पलीकडे पहारेकरी कुलूप धरून उभा होता. मॅडमनी पंचनामा तिथेच, माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहिला. काही महिन्यांनी वाट खुली करण्याचा हुकूम आला.

मी मिरवणूक काढायची म्हणत होते, बॅनरसुद्धा लिहून तयार होता. मावशी नको म्हणाली. तिची नात मळवलीच्या एका बंगल्यावर झाडलोट करायला लागून वर्ष होऊन गेलं होतं. मी तिला भेटून समजावलं, नाव पुन्हा घालू, फी बघू. ती म्हणाली, "ताई, आता त्या बारक्या पोरींच्यात बसू का मी?" बॅनर मी गुंडाळून ठेवला.

बाकीच्या दोघी परत जाऊ लागल्या. मावशीने पर्यटकांना नेणं त्याच आठवड्यात बंद केलं. सकाळी ती त्या दोघींबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत उतरते, दुपारपर्यंत स्टेशनाबाहेर करवंदं नाहीतर रानभाजी घेऊन बसते आणि त्यांना घेऊन चढते. तारेपाशी उभ्या पहारेकऱ्याला वाट सोडायची सवय लागायला हवी, असं तिचं म्हणणं. एकदा मी म्हटलं, "मावशी, लोक विचारतात तुम्हाला. पठारावर आता कोणी खरं सांगत नाही."

"डोंगर कुटं पळून चाललाय?" ती उठत म्हणाली. शाळा सुटली होती. "पोरींची साळंची दोन वर्सं ऱ्हायलीत."