एकट्याची रांग

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर हा गृहस्थ मालगुंडच्या गाडीसाठी रोज रांग लावतो. रांगेत एकटाच असतो. आम्ही तिथे रांगेसाठी कठडे मागतोय, सह्या गोळा करतोय. हा सही करत नाही.

"कठडे कशाला? जहाजावर होतो तेव्हा टोकियोत भर बाजाराखालचं स्टेशन बघितलंय मी. मुंगीला जागा नाय, तरी उतरणाऱ्यांना मधून वाट. फरशीवर नुसती रेघ."

मग चपलेने तांबड्या मातीत रेघ ओढतो. गाडी आली की लोक रेघ तुडवून चढतात आणि हा उभ्याने घरी जातो. मला संताप येतो. रेघा ओढून व्यवस्था सुधारली असती तर आम्ही उन्हात कशाला उभे राहिलो असतो?

काल एक बाळंतीण तान्ह्याला घेऊन आली. टाक्यांमुळे तिला उभं राहवत नव्हतं. गाडी वळताच हा धावला आणि खिडकीतून सीटवर रुमाल टाकून मोकळा झाला.

"काका, जपान बुडालं की!" कोणीतरी ओरडलं.

"बुडू दे. गो बाय, ती जागा तुझी. सावकाश चढ."

परत येऊन तो रेघेमागे उभा राहिला. मी सह्यांचा कागद पुढे केला.

"आधी माझ्यामागे उभा राहा," तो म्हणाला.