एक नंबरची चिठ्ठी

विधानसभेच्या मतदानाला माझी ड्यूटी सारंगखेड्याजवळच्या एका गावात लागली होती. काम बोटाला शाई लावायचं. संध्याकाळी पाचनंतर कापूस वेचून बाया थेट शेतातून आल्या आणि त्यांच्यासोबत एक अपक्ष उमेदवारही रांगेत उभा राहिला. निवडणूक चिन्ह छापलेला गमछा त्याने आधीच लांब लावलेल्या मोटरसायकलवर काढून ठेवला होता. मागून कुणी आलं की हा बाजूला सरकायचा आणि त्याला पुढे घ्यायचा.

एका म्हातारीने विचारलंच, "भाऊ, तूच मांगे ऱ्हायना, तर तुले मत कोन देई?"

तो हसला. "मत कोनलेबी दे माय, पन तशीच घर नको जाऊ. जो येत नही, तो माले नही, सोताले पाडस."

सहा वाजले, मतदानाची वेळ संपली. नंतर कुणी घुसू नये म्हणून केंद्राध्यक्षांनी नियमाप्रमाणे रांगेच्या शेवटून चिठ्ठ्या वाटायला घेतल्या. एक नंबरची चिठ्ठी त्यालाच मिळाली. त्याने ती कौतुकाने सगळ्या बायांना दाखवली. माझ्यासमोर आल्यावर बोट पुढे करून म्हणाला, "जरा ठळक लावा, गुरुजी."

निकालात तो साफ पडला, सगळ्या उमेदवारांच्या शेवटी. मलाच उगाच वाईट वाटत राहिलं. पुढे सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तो दिसला, एका घोड्याचे दात बघत होता. मी जवळ जाऊन निकालाचं वाईट वाटल्याचं सांगितलं. त्याने मान वर केली.

"तुमन्या चिठ्ठ्यासारखं शेवटथून मोजा, गुरुजी. मी पहिलाच शे."