काकांच्या कार्डावरचा माझा मासा

गळ टाकायला परवाना लागतो, हे मी अजूनही गावाकडे कुणाला नीट पटवून देऊ शकलेले नाही. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, "धरतेस अन् सोडून देतेस? मंग जातेस कायले वो बाई?" आमचं गाव भंडाऱ्याकडचं. घरामागे बोडी, म्हणजे लहानसा तलाव. तिथला मासा जाळ्यातून टोपलीत येतो आणि टोपलीतून रश्शात जातो. मधे कागद कुठेच येत नाही.

माझी शाळा आठवीत सुटली. पुढे बरंच काही घडून मी पुण्याला आले आणि एका ब्यूरोतर्फे वारज्यात एका एकट्या गृहस्थांना सांभाळायला लागले. सकाळी आठ ते रात्री आठ. त्यांना मी काका म्हणते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. उजवा हात सतत थरथरतो, म्हणून चहाचा कप अर्धाच भरायचा, हे पहिल्या तासात शिकले. दुसऱ्या तासात ते म्हणाले, "बाई, मी तुम्हाला अहो-जाहो करणार. तुम्हीही करा. भांडायला सोपं जातं."

तोवर मला 'तुम्ही' फक्त मतदानाच्या दिवशी कुणीतरी म्हणालं होतं.

दर गुरुवारी काका गळ टाकायला जायचे. वारज्याच्या पुढे, टेकडीपलीकडे एक जुनं तळं आहे. ते हौशी लोकांच्या एका संस्थेकडे आहे. वर्षाचा परवाना असेल त्यानेच काठी धरायची, दिवसाला दोनच मासे न्यायचे, ठरलेल्या मापाहून लहान असेल तर सोडून द्यायचा आणि निघताना सगळं कार्डावर लिहायचं. रिक्षात काकांची काठी, घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि बडीशेप घालून मळलेल्या कणकेचा डबा सांभाळत मी बसायचे. कणीक मीच मळायचे. काका म्हणायचे, "माशांना तुमच्या हातची आवडते. मला मात्र पोळी वातड लागते."

तिसऱ्या गुरुवारी ते झाडामागे गेले आणि मला म्हणाले, "जरा धरा." मी काठी धरली. तेवढ्यात तळ्याचा राखणदार आला. जवळच्याच वाडीतला माणूस.

"परवाना हाय का?"

पोलीस, ब्यूरो, गाव, सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं. मी काठी खाली टाकली ती थेट चिखलात.

काका पायजम्याची नाडी बांधत आले. "त्यांची चूक नाही, माझी आहे. लिहा माझ्या नावावर."

"आवं काका, ऱ्हाऊ द्या की. म्या काय बघितलंच नाय."

"तुम्ही बघितलंत. म्हणून तर विचारलंत." आणि त्यांनी खरंच त्याच्या वहीत स्वतःविरुद्ध ताकीद लिहून घेतली. थरथरत्या हाताने सहीसुद्धा केली.

पुढच्या गुरुवारपर्यंत माझ्या नावाचा परवाना आला होता. निळं जाड कार्ड, त्यावर माझा फोटो. काकांनी फोटोकडे बघून म्हटलं, "एवढं घाबरायला काय झालं होतं? फोटोच काढत होते ना?" मग कार्ड उलटं करून माझ्यापुढे ठेवलं. "मागे बारा नियम आहेत. वाचा. मोठ्याने."

मी शाळेत वाचायचे तशी बोट ठेवून वाचू लागले. अडखळले की ते खिडकीबाहेर बघत बसायचे, म्हणजे मला लाज वाटू नये. बारावा संपला. "आता पुन्हा," म्हणाले. चार दिवसांत मला बाराही नियम पाठ झाले. भित्र्या माणसाला नियम लवकर पाठ होतात. आपण कुठे उभं राहिलो तर कुणी हटकणार नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

माझ्या काठीला मासे लागायला लागले. त्यात माझं कौतुक नाही. बोडीकाठी वाढलेल्या पोरीला पाणी कुठे खोल आहे, कुठे गार आहे, ते कळतंच. काठीच्या टोकाला बांधलेलं घुंगरू वाजलं की माझा हात आपोआप उठायचा. काकांचं घुंगरू वाजायचं तेव्हा त्यांचा हात उठायचा, पण वाटेत थरथरायचा, आणि तेवढ्यात मासा कणीक खाऊन जायचा. सातवा नियम म्हणतो की दुसऱ्याच्या काठीला हात लावायचा नाही. मी मांडीखाली हात दाबून बसायचे.

निघताना राखणदाराच्या खोलीत कार्ड भरायचं. माझ्या कार्डावर रोहू एक, चिलापी दोन, सोडल्या. काकांच्या कार्डावर शून्य. चौथा नियम आहे तसा: मासा मिळो न मिळो, नोंद त्याच दिवशी, स्वतः करायची. बाकीचे लोक महिन्यातून एकदा, चहा पिता पिता, आठवेल तसं भरतात. काका मात्र दर गुरुवारी शून्य काढायचे. हात थरथरल्यामुळे ते शून्य शेंगदाण्यासारखं दिसायचं. कार्डावर ओळीने शेंगदाणे.

उन्हाळा संपता संपता संस्थेचे सचिव तळ्यावर आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. काकांची आणि त्यांची जुनी ओळख.

"कसं काय, ठीक?" असं म्हणून त्यांनी काकांचं कार्ड चाळलं. "नूतनीकरणाचं जरा बघावं लागेल. पावसाळ्याचे दोन महिने तळं बंद, त्याआधी यादी होईल. नवी मुलं रांगेत थांबलीत. आणि तुमचं तर वर्षभर... म्हणजे आपण समजू शकता."

"समजू शकतो," काका म्हणाले.

"एखादा तरी मासा असता, तर कमिटीला सांगायला बरं पडलं असतं."

"माशालाही तसं कळवायला हवं होतं."

सचिव हसले आणि गेले. काका हसले नाहीत. एरवी ते रोज संध्याकाळी वर्तमानपत्र पसरून काठीचं रीळ पुसायचे. त्या संध्याकाळी रीळ पिशवीतच राहिलं. दुसऱ्या दिवशीही. मी बघत होते. हा माणूस आठवडाभर पायाचे व्यायाम करतो, वेळेवर गोळ्या घेतो, माझी वातड पोळी खातो, ते गुरुवारसाठी. तळं गेलं तर ते त्या खिडकीजवळच्या खुर्चीतून उठणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

यादी होण्याआधी दोन गुरुवार उरले होते. पहिल्यात काकांचं शून्य. दुसऱ्यात मला चांगला मोठा रोहू लागला. राखणदाराने जाळी धरली आणि हळूच म्हणाला, "काकांच्या नावानं लिवा की. कोण बगतंय? मासा काय बोलतोय व्हय?"

काका रिक्षात जाऊन बसले होते, दमले होते. जाताना दोन्ही कार्डं माझ्याकडे देऊन म्हणाले होते, "माझं घरी लिहितो. तुमचं तेवढं भरा." मी माझ्या कार्डावर शून्य लिहिलं. काकांच्या कार्डावर लिहिलं: रोहू, एक. अक्षर जमेल तेवढं वेडंवाकडं काढलं. हात तसाही थरथरत होता, वेगळं काही करावं लागलं नाही. त्यांनी मला फोटोचं कार्ड दिलं, मी त्यांना एक मासा देत होते. एवढंच डोक्यात होतं.

घरी काकांनी चष्मा लावला, कार्ड उघडलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, हे बक्षीस आहे की भीक?"

मला रडू आलं. म्हटलं, "काका, तळं जाईल तुमचं."

"जाईल तर जाईल. माझं तळं जाईल. दुसऱ्याचा मासा लिहून राहिलं तर ते तळं माझं असेल का?" त्यांनी पेन मागितलं. नवव्या नियमाप्रमाणे एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'चुकीची नोंद. मासा माझा नाही.' सही केली. त्याखाली त्या दिवसाचा शेंगदाणा काढला. मग कार्ड माझ्या हातात दिलं. "आता चहा टाका. पूर्ण कप भरा. सांडला तर सांडला."

त्या रात्री खोलीवर जाताना मला लाज वाटत होती, पण वाटेत कधीतरी त्या लाजेचा राग झाला. मी बारा नियम पुन्हा म्हणून पाहिले. एकदा, दोनदा. मासा मिळालाच पाहिजे, असा नियम त्यात नव्हता. तेरावा नियम सचिवांनी तळ्याकाठी उभ्या उभ्या तयार केला होता, आणि त्या नसलेल्या नियमासाठी मी असलेला नियम मोडला होता.

नूतनीकरणाच्या दिवशी काका म्हणाले, "मी येत नाही. भीक मागायला दोन माणसं कशाला?"

"भीक नाही मागत," मी म्हटलं, आणि दोन्ही कार्डं पर्समध्ये घालून निघाले. बसमध्ये पर्स तीनदा उघडून बघितली.

संस्थेच्या खोलीत सचिव आणि कमिटीचे आणखी दोघे होते. कुणी बसा म्हणालं नाही. मी बसले.

"ते स्वतः नाही आले?"

"त्यांचं कार्ड आलंय."

सचिवांनी कार्ड उघडलं. "हेच म्हणत होतो मी. शून्य, शून्य, शून्य. अहो बाई, परवाना म्हणजे शोभेची वस्तू नाही. जो वापरत नाही त्याचा आम्ही..."

"कितवा नियम?"

"काय?"

"वापरत नाही म्हणून काढून घ्यायचा, हा कितवा नियम? मागे बाराच आहेत. मला पाठ आहेत." माझा आवाज चिरका झाला होता, पण थांबला नाही. "चौथा नियम म्हणतो, मासा मिळो न मिळो, नोंद करायची. काकांनी वर्षभर एक गुरुवार चुकवलेला नाही. तुमच्याकडे बाकीच्यांची कार्डं आहेत ना? दाखवा मला, कुणाकुणाची नोंद त्याच दिवसाची आहे. एकाच शाईत महिनाभराचे मासे किती आहेत ते दाखवा. नियम नोंद लिहिण्याचा आहे. मासा धरण्याचा नाही."

दोघांपैकी एकाने गालातल्या गालात हसून सचिवांकडे बघितलं. सचिवांनी शेवटची ओळ पुढे केली. "मग ही खाडाखोड कसली? 'चुकीची नोंद.' रोहू लिहून खोडलाय. हे प्रामाणिकपणाचं लक्षण का?"

इथे मी गप्प बसू शकले असते. काकांनी चूक कुणाची हे कार्डावर लिहिलं नव्हतं. ते मुद्दाम लिहिलं नव्हतं, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर समजलं. तळ्यावर पहिल्या वेळी जसं त्यांनी माझं स्वतःवर घेतलं होतं, तसंच.

"तो मी लिहिला," मी म्हटलं. "मासा माझा होता. तुम्ही म्हणालात एखादा तरी असता तर बरं पडलं असतं, म्हणून मी तो त्यांच्या नावावर टाकला. त्यांनी खोडला. माझ्या कार्डावर त्या दिवशी शून्य आहे, तेही खोटं आहे. अकरावा नियम: खोटी नोंद केल्यास एक वर्ष परवाना बंद. हे घ्या माझं कार्ड."

मी ते टेबलावर ठेवलं. फोटोतली मी घाबरून वर बघत होते.

मग सचिवांनी काकांच्या कार्डावर शिक्का मारला, जरा जोरातच. माझं कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं. "काकांना सांगा," ते म्हणाले, "शून्य जरा गोल काढत जा."

"सांगते. तुम्हीही बाकीच्यांना सांगा, शून्य निदान काढत जा म्हणून."

जिना उतरले. खाली येऊन काकांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे एक परवाना आणलात आणि एक घालवून आलात." मग म्हणाले, "येताना बडीशेप आणा. संपली आहे."

पावसाळा संपून तळं पुन्हा उघडलं. आता आम्ही तसेच रिक्षातून जातो, पण काठी एकच. बेचक्यावर काकांची काठी टेकवून ते बसतात, आणि मी शेजारी दगडावर, रिकाम्या हाताने. हे वर्ष संपायला अजून बराच वेळ आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "आता तर धरतही नाहीस. मंग जातेस कायले?"

गेल्या गुरुवारी काकांचं घुंगरू वाजलं. त्यांचा हात उठायला लागला आणि नेहमीच्या जागी थरथरला. काठीला हात लावायची मला बंदी. पण बोलायला परवाना लागत नाही.

"काका, उचला! आत्ता! डावा हात लावा, डावा! सोडू नका!"

काकांनी डावा हात लावला. काठी वाकली. पलीकडच्या काठावर सचिव नव्या मुलांना काहीतरी समजावत उभे होते. ते तिथून ओरडले, "अहो बाई, हळू! ओरडू नका तळ्यावर!"

मी काठीच्या टोकावरची नजर न हलवता ओरडून विचारलं, "कितवा नियम?"