खुर्ची टेकते ती बाजू

आक्का खुर्च्या विणते. फाटलेल्या बैठकीच्या वेताच्या खुर्च्या लोक तिच्या दारात आणून टाकतात. आक्का जुना वेत कापते, नवा भिजत घालते आणि चार दिवसांत अशी बैठक बांधून देते, की टिचकी मारली तर ठण् वाजावी. चाळीस वर्षं हेच. चौकट पोटाच्या डाव्या अंगाला, बरगड्यांच्या जरा खाली घट्ट टेकवायची, उजव्या हातानं वरून आणि डाव्यानं खालून वेत ओढायचा, ही तिची रीत. टेकून टेकून तिथल्या कातडीला घट्टा पडलाय. त्याला ती तिसरा हात म्हणते.

साठीला तिच्या हृदयाचे ठोके मंदावले. विणता विणता डोळ्यांपुढं अंधारी आली आणि बाई चौकटीतच तोंडावर आपटली. डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली पेसमेकरची डबी बसवली, तिची तार शिरेतून हृदयात सोडली आणि बजावलं, दीड महिना ओझं उचलायचं नाही. आक्कानं शब्द पाळला. पाण्याचा तांब्यासुद्धा सुनेकडून घेतला. आणि दहाव्या दिवशी खुर्ची घेऊन बसली, कारण वेताची खुर्ची सुपाएवढी हलकी, तिला ओझं कोण म्हणणार? पण एका बैठकीला डावा हात शेकडो वेळा वेत ओढतो. टाके उसवले, जखमेत पू झाला, तो तारेपर्यंत पोचला. तार, डबी, सगळं काढावं लागलं. तात्पुरत्या यंत्रावर आक्का तीन आठवडे दवाखान्यात पडून राहिली.

तिथल्या सर्जननं विचारलं, "टाके उसवले कशानं?"

"आपोआपच," सून घाईनं म्हणाली.

"आपोआप कसले? मी उसवले. खुर्ची विणत होते," आक्का म्हणाली. सुनेनं कपाळाला हात लावला.

सर्जननं पुढचं समजावलं. शिरा आतून बुजल्यात, तिथून आता वाट नाही. छातीच्या खालच्या बाजूनं छेद घेऊन तार हृदयाला बाहेरूनच टाक्यांनी पक्की करायची. डबी पोटाच्या कातडीखाली.

"म्हणजे ते धडधडत असतानाच टाके घालणार?"

"चालू असतानाच."

"धीर आहे हो तुम्हाला. डगमगती खुर्ची मी विणायलाच घेत नाही."

सर्जन हसला. पेन काढून त्यानं पोटाच्या डाव्या बाजूला डबीच्या जागेची खूण केली. आक्का खाली वाकून बघत राहिली.

"साहेब, तिथं माझी खुर्ची असते."

"आई, गप्प बसा हो. डॉक्टरांना शिकवताय?" सून म्हणाली.

"शिकवत नाही, सांगतेय. मागं विणकामाचं सांगितलं नाही, तेच भोवलं."

सर्जन म्हणाला, "मावशी, चाळीस वर्षं विणलंत. आता आराम करा की."

"नुसतं बसवून ठेवायला जीव वाचवताय होय माझा?"

मग आक्कानं खाटेखालचं स्टूल मागितलं, त्याच्या भोकातून बँडेजची पट्टी ओवली आणि स्टूल पोटाला टेकवलं. तिला जोर लावायची मनाई होती, म्हणून म्हणाली, "तुम्ही ओढा." एवढा मोठा सर्जन खाटेपाशी वाकून पट्टी ओढू लागला. स्टूलची कड नेमकी खुणेवर रुतली. त्यानं मधे बोटं घालून पाहिली, घट्टा चाचपला.

"उजवीकडे ठेवता येईल. पण तार कातडीखालून लांब न्यावी लागेल. जास्त दुखेल."

"दुखणं पंधरा दिवसांचं. खुर्ची रोजची."

त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं खूण पुसली आणि उजवीकडे नवी काढली. "पण तीन महिने वेताला हात लावायचा नाही. खुर्ची हलकी असली तरी."

"स्टूलसुद्धा नाही," सून म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. दुखलं चांगलंच; कूस बदलताना आक्का दात आवळायची, पण तक्रार ऐकलेलं कुणी सापडणार नाही, कारण ती केलीच नाही. तीन महिने आलेल्या खुर्च्या भिंतीशी एकावर एक चढत गेल्या. वेताला तिनं बोट लावलं नाही.

मुदत सरली तशी चौकट डाव्या अंगाला टेकवून ती बसली. सून उंबऱ्यात, नजर सासूच्या उजव्या कुशीवर. डबीला धक्का लागत नव्हता. पाचव्या दिवशी बैठक पुरी झाली.

"छान झालीय, आई. फरक कळत नाही."

आक्कानं टिचकी मारली. आवाज बद्द आला. हातांतला जोर अजून परतला नव्हता आणि ते तिला सगळ्यात आधी कळलं. बाहेरच्या कुणाला कळलं नसतं. तिनं सुरी घेतली आणि पाच दिवसांचं विणकाम चारी कडांनी कापून काढलं. सून उंबऱ्यातून पुढं आली.

"अहो, चालली असती की."

"चालली असती. वर्षभर. वेत भिजत घाल."

पुन्हा विणायला तिला अकरा दिवस लागले. अर्धा तास काम, अर्धा तास आडवं पडणं. शेवटच्या दिवशी कड बांधून झाल्यावर ती बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसली. मग टिचकी मारली. आत चुलीपाशी असलेल्या सुनेला ती ऐकू गेली.