आयेला उचलता येईल असं मशीन

आमच्या वाडीत विजेच्या आधी टेपरेकॉर्डर आला. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची थोडकी घरं. खाली हमरस्त्याला उतरायचं तर पायवाट, आणि पावसाळ्यात तीही ओढ्याच्या मर्जीवर. बाबा घाटातल्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. आये एक म्हैस, दोन शेरडं आणि उतारावरची नाचणी सांभाळायची. होळी उलटली की भात संपलेलं असायचं, मग भाकरी आणि तिच्याबरोबर बऱ्याचदा नुसती मिरची. कुणाला कीव यावी म्हणून हे लिहीत नाही. होतं ते असं होतं.

टेपरेकॉर्डर मामाने मुंबईहून आणला. सेल उतरले की आये ते उन्हात वाळत टाकायची, तेवढ्यात आणखी दोन गाणी निघायची. गाणी बाबांची. गौरी-गणपतीत जाखडीचा नाच उभा राहिला की मधे बसून गाणारे बुवा म्हणजे माझे बाबा. अक्षर एक येत नव्हतं. हातोड्याच्या ठेक्यावर गाणं रचायचं आणि डोक्यात ठेवून द्यायचं, एवढंच. मामा दर गणपतीत यायचा आणि चार-पाच गाणी भरून घ्यायचा. त्या कॅसेटी आयेने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. त्या डब्याबाहेर ती गाणी फक्त बाबांच्या डोक्यात होती.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. महाडच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, पुढे संगणकाचा कोर्स केला आणि पोलादपूरच्या एका शाळेत संगणक शिकवायला लागले. नवरा एमआयडीसीत कारखान्यात पाळीवर. महाडात नदीकडच्या आळीत तळमजल्यावर घर घेतलं. मोबाईल खेडोपाडी पोचले त्या सुमाराला बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी आये-बाबांना महाडला घेऊन आले. "लेकीच्या दारात जाऊन पडले," असं वाडीत दोघा-तिघांनी म्हटलं. म्हणू देत.

ज्याने जाखडीच्या सवाल-जवाबात रात्र रात्र गाऊन समोरच्या पार्टीला गप्प केलं, त्या माणसाच्या तोंडातून आता "हां" एवढंच निघायचं. भूक लागली तरी हां, कूस बदलायची तरी हां. आये टेप लावायची तेव्हा त्यांचे डोळे हलायचे. डाव्या हाताचा अंगठा चादरीवर ठेका धरायचा. आणि एका संध्याकाळी टेपने गाणं खाल्लं. आयेने पेन्सिल घालून फीत गुंडाळली तर ती तुटली. कॅसेटींना बुरशी धरलेलीच होती. अशीच एकेक जाणार, हे मला कळलं.

मी सगळ्या कॅसेटी शाळेच्या संगणकात वाजवून भरून घेतल्या. आता प्रश्न असा, की ती गाणी बाबांच्या खाटेपर्यंत न्यायची कशी? भावाने मुंबईहून फोनवर सांगितलं, "सीडी कर नि प्लेयर ठेव. कशाला उगाच मोठं करतेस?"

"सीडी बदलणार कोण?"

"आये हाय ना."

"आयेला सगळ्या सीडी सारख्याच दिसतात. आणि प्रत्येक वेळी बाबांनी तिच्या तोंडाकडे बघत राहायचं?"

मला हवं होतं ते वेगळंच. बाबांचा अंगठा चालत होता. बाहेरच्या खोलीत कायम चालू राहणारं एक मशीन, त्यात सगळी गाणी. तिथून भिंतीतून वायर, बाबांच्या खोलीत भिंतीवर उंच लावलेल्या टीव्हीला एक छोटा प्लेयर आणि हातात रिमोट. कुठलं गाणं ऐकायचं ते बाबा ठरवतील. दिवसभरात त्यांनी स्वतः ठरवायचं असं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

बाजारपेठेतल्या संगणकाच्या दुकानात गेलो तर दुकानदार माझ्या नवऱ्याशीच बोलायला लागला. "साहेब, वहिनींना गेम-बिम हवेत काय पोरांसाठी?"

"साहेबांना पिशवी धरायला आणलंय," मी म्हटलं. "माझ्याशी बोला."

तो हसला, पण मग नीट बोलला. छोटं, कमी ताकदीचं मशीन की मोठा टॉवर? नवरा हळूच म्हणाला, "लोडशेडिंगात इन्व्हर्टरवर दोन पंखे नि एक ट्यूब जेमतेम चालते. हा राक्षस काय खाईल?" म्हणणं खरं होतं. पण टॉवरमध्ये दोन हार्ड डिस्क बसत होत्या. एकीत गाणी, दुसरीत त्यांची प्रत. एक बिघडली तर दुसरी. शाळेत मी हेच शिकवत होते. टॉवर घेतला आणि इन्व्हर्टरची बॅटरीही मोठी घेतली.

बाबांना वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येक गाण्याला चित्र लावलं. घाटाच्या गाण्याला घाट, एसटीच्या गाण्याला लाल गाडी, आयेवर रचलेल्या गाण्याला आयेचा फोटो. रिमोट हातात दिला. अंगठा बराच वेळ चित्रं पुढे-मागे सरकवत राहिला आणि मग म्हशीच्या चित्रावर थांबला.

"बघा!" आये म्हणाली. "बायको सोडून म्हस लावली. सगळा जल्म ह्याच्यासाठी काढला मी!"

बाबा हसले. अर्धंच तोंड हसलं, पण हसले.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी नदी वाढली. मी पोलादपूरला शाळेत, रस्ता पाण्याखाली, एसटी बंद. नवरा कारखान्यात अडकलेला. फोन एकदा लागला तेव्हा मागे पुराचा भोंगा ऐकू येत होता आणि आये ओरडत होती, "पाणी पायरीला लागलाय गो!" मग फोन गेला. ती रात्र मी शाळेच्या बाकावर काढली. बापाचं काय झालं, हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला माहीत नव्हतं.

झालं ते शेजाऱ्यांनी सांगितलं. वरच्या मजल्यावरचे दोघे तरुण बाबांना उचलून न्यायला आले, तर आये टॉवरला हात घालून उभी. तिच्याने तो हलेना.

"आजी, आधी म्हातारा न्यायचा की डबा?"

"म्हाताऱ्याला न्या. मग परत या. ह्याला माळ्यावर टाका."

"डबा काय बोंबलायला? नवीन मिळंल."

"नवीन मिळंल, पण त्यात हा म्हातारा मिळंल काय रे?"

ते परत आले. आयेने त्यांच्याकडून टॉवर मागच्या पडवीच्या माळ्यावर ठेववला, बरोबर चुलीच्या वर. आमच्याकडे पावसाळ्यात जे कोरडं ठेवायचं ते चुलीवरच्या माळ्यावर जातं. बी-बियाणं तिथे, सुकी मासळी तिथे, कांदे तिथे. आयुष्यभर तिने जपलं ते सगळं तिथेच जपलं होतं. कॅसेटींचा डबाही तिने शेजारी सारला.

पाणी घरात कमरेएवढं येऊन गेलं. पुढचे दिवस गाळ काढण्यात गेले. भिंती ओल्या, गॅसची शेगडी पाण्यात राहिलेली, म्हणून स्वयंपाक चुलीवर. आये चुलीत ओली लाकडं सारत राहिली. माळ्याकडे बघत मला एकदा म्हणाली, "ओल बसली असंल त्यात. सुकू दे चांगला." मी मान हलवली. मी फावडं मारत होते आणि माझं लक्ष नव्हतं.

शेवटी टॉवर खाली काढला तर हात काळे झाले. त्याच्या पंख्यावर तेलकट काजळी, आत धुराची जळमटं. पुसला, चार दिवस उघडा ठेवला आणि सुरू केला. फट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला. दोन्ही डिस्क गप्प. दोन प्रती केल्या होत्या, पण ठेवल्या एकाच डब्यात. पत्र्याचा डबा उघडला तर उष्णतेने कॅसेटी वाकड्या झालेल्या. शाळेचा संगणक मधेच बदलला होता, त्यात काही उरलं नव्हतं.

दुकानदाराने डिस्क हलवून पाहिल्या. "बोर्ड जळलाय. मुंबईला एक जण जुळता बोर्ड लावून बघतो. शब्द देत नाय हा, ताई."

मी आयेला काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. ती स्वतःच म्हणायची, "मीच भाजला त्याला, वांग्यासारखा," आणि ताट अर्धं ठेवून उठायची. बाबांच्या हातात रिमोट तसाच. अंगठा दाबला जायचा, टीव्ही काळा. ते माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "हां?" त्या एका शब्दाला उत्तर द्यायचं मी टाळत असे. बाबांच्या खोलीत जायचंच टाळत असे, असं म्हटलं तरी चालेल.

गणपती झाले आणि फोन आला. एक डिस्क उघडली होती.

ती आणायच्या आधी मी दुकानात गेले, आणि या वेळी नवऱ्याऐवजी आयेला घेऊन गेले. दुकानदार नव्या प्रोसेसरचं सांगायला लागला. मी त्याला थांबवलं. "वेग नको. पंख्याची घरघर नको. लाइट गेली तर स्वतःच्या बॅटरीवर चालायला हवं. आणि हिला उचलता यायला हवं."

"हिला?"

"पूर येतो तेव्हा घरात हीच असते."

आयेने पदर खोचला आणि काउंटरवरची एकेक वस्तू उचलून बघायला सुरुवात केली. एक छोटी कॅबिनेट दोन्ही हातांनी उचलली, खाली ठेवली. "नाय. दुसऱ्या हातात म्हाताऱ्याची औषधं असतात."

"मावशी, भोपळा घेताय काय?" दुकानदार म्हणाला.

"भोपळा परवडला बाबा. तो वाजवून तरी कळतो."

मागच्या फळीवर एक जुना लॅपटॉप पडला होता. पडदा फुटलेला, म्हणून कुणी घेत नव्हतं. आयेने तो पाटीसारखा एका काखेत धरला आणि दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आली. "हा झेपतो," म्हणाली.

पडद्याची आम्हाला गरजच नव्हती. पडदा बाबांच्या खोलीत होता. लॅपटॉप थोडी वीज खायचा, गरम कमी व्हायचा, आणि लाइट गेली तरी गाणं मधे तुटायचं नाही. जोडीला एक बाहेरून लावायची डिस्क घेतली. तिसरी प्रत भावाकडे मुंबईला पाठवली. त्याने या वेळी कशाला म्हणून विचारलं नाही. लॅपटॉप आणि डिस्क ठेवायला बाहेरच्या खोलीत छताखाली लाकडी फळी मारली. चुलीपासून लांब. ती जागा आयेने दाखवली.

चाळीसेक गाण्यांतली सहा गेली. ती आता कुणालाच सांगता येणार नाहीत. एकाची चाल आयेला अर्धवट आठवते, बाकीच्यांचं काहीच नाही. उरलेली सगळी परत आली, आणि बाबा पुढची चार वर्षं, शेवटपर्यंत, कुठलं गाणं ऐकायचं ते स्वतः ठरवत होते.